लाकडी मासा आणि उजवा हात

आमच्या मालकांनी लढाईवरून दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे निकामी झालेला उजवा हात, आणि दुसरी, पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळून ठेवलेले लाकडाचे मासे. हाताचं मला कळलं. माशांचं काही कळेना. बोटाएवढे, हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, डोळ्याच्या जागी काळा ठिपका आणि पोटाखाली तीन तोंडांचा गळ. सासूनं डबी उघडली, पुन्हा मिटली आणि चुलीमागच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली.

"साता समिंदराच्या पल्याडनं ल्योक आला," ती मला म्हणाली, "आन् आनलं काय, तर भावलीचं मासं."

सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही दोघीच. शेत वाट्यानं दिलेलं. मालक पलटणीत गेले तेव्हा माझ्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळं चव्वेचाळीसच्या सुरुवातीला हात गळ्यात बांधून दारात उभा राहिलेला माणूस मला नवखाच होता. मी पदर सावरून आत गेले आणि पाणी तापवायला ठेवलं. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं पाणी आडात असतं आणि तेही आहे की नाही हे वाकून बघावं लागतं. लग्न करून साताऱ्याकडं, कृष्णेच्या काठावर आले, तेव्हा एवढं पाणी फुकट वाहून जाताना बघून माझा जीव तुटायचा. जिवंत मासा मी सासरी आल्यावर पहिल्यांदा पाहिला. गावातल्या बायका मला हसायच्या. "आटपाडीची हाय, तिला नदीला बी झाकन घालावं वाटतंय," म्हणायच्या. वाटायचंच मला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

मालकांना इटलीत लागलं होतं. तोफेच्या गोळ्याची कपची कोपराखालून आरपार गेली होती. हाड जुळलं, जखम भरली, पण बोटं वाळल्या शेंगांसारखी ताठ राहिली. पुण्याच्या इस्पितळातून त्यांना उन्हाळाभर घरी सोडलं होतं. हात चालवत राहा, असं डॉक्टरनं सांगितलेलं.

पुढचं त्यांनी मला गोठ्यात सांगितलं, आत्याबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा. "पावसाच्या तोंडाला पुन्याला डाक्टरांचं बोर्ड बसनार हाय, हात तपासायला. हात चालला तर परत पलटनीत. न्हाई चालला तर कायमचं घरी."

"आन् आत्याबाईंला काय सांगितलंय?"

"कायबी न्हाई. तिला वाटतंय, म्या आलो तो आलोच. तू बी सांगू नगंस. रडंल ती."

"तुमास्नी काय पायजे?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून डावा हात फिरवला. त्यांच्या तुकडीत जतकडचा एक गडी होता, मेंढक्याचा पोरगा. मालक पडले तेव्हा तो त्यांना पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता. तो अजून तिकडंच होता. "त्यो तितं हाय," एवढंच ते म्हणाले. मला काय समजायचं ते समजलं.

तर असा सगळा मामला. हात बरा झाला की नवरा जाणार, आणि नाही झाला तर राहणार. हे घरात दोघांना माहीत, तिसरीला नाही. आणि ती तिसरी रात्रंदिवस एकच घोकत होती, पोराचा हात बरा झाला म्हणजे वाट्याचं शेत काढून घेऊ, नांगर पोराच्या हातात देऊ.

हात चालवायचा म्हणून मालकांनी कोनाड्यातली डबी काढली.

लढाईबद्दल ते बोलत नसत. पण या माशांबद्दल विचारलं की बोलायचे. इटलीच्या आधी त्यांची पलटण बसऱ्याला होती. तिथं समुद्राचं पाणी खाडीतनं आत येतं, निम्मं खारं, निम्मं गोडं. एका साहेबाला मासे धरायचा नाद. दिवसाची परेड संपली की तो धक्क्याच्या आडोशाला, जिथं पाणी हलत नाही तिथं जाऊन बसायचा आणि मालकांना सोबत न्यायचा. तिथला मासा चपटा, रुंद, चंदेरी, पाठीवर काट्यांचा तुरा. लाकडी खांबांना शिंपले चिकटलेले असतात, ते खायला खांबाच्या सावलीत येतो. भारी संशयी जात. साहेब हा लाकडाचा मासा अगदी खांबाला खेटून टाकायचा, बुडू द्यायचा आणि गप्प बसायचा. मग एक हलका हिसका. पुन्हा गप्प.

"वढायचं कमी आन् थांबायचं जास्त," मालक सांगायचे. "नवा गडी वढतच ऱ्हातो. खरा मासा कुटं असा पळतोय? त्यो पळतो, थांबतो, इकडं-तिकडं बगतो. आपन थांबलो की मगच त्यो इस्वास ठेवतो."

इटलीला जाताना साहेबानं डबी त्यांना दिली. हे सगळं त्यांनी मी भाकरी थापत असताना सांगितलं आणि मी ऐकत राहिले. त्यांचा आवाज मला आवडायला लागला तो या खाडीच्या गोष्टींतून, हे मी लपवणार नाही.

आमच्या गावात मासा धरायच्या दोनच तऱ्हा. भोई जाळं टाकत, आणि बाकीचे वेळूच्या काठीला गळ लावून, त्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी टोचून बसत. न खाण्याच्या वस्तूनं मासा धरायचा, ही अक्कल कुणाला सुचलेली नव्हती. घाटाच्या खालच्या अंगाला नदी वळते. तिथं एका मोठ्या खडकाच्या आडोशाला डोह आहे आणि करंजाची झाडं पार पाण्यात वाकलेली. मालकांनी ती जागा धरली. "हितं खाडीवानी पानी थांबलंय," म्हणाले.

त्यांच्याजवळ साहेबासारखी काठी नव्हती. दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यावर त्यांनी बारीक दोर गुंडाळला होता. डबा डाव्या हातात धरायचा, उजव्या हातानं लाकडी मासा गरागरा फिरवून सोडून द्यायचा. मग दोर ओढताना उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचा आकडा करून त्यावरून घ्यायचा. पाण्यात काही शिवलं की आधी त्या बोटाला कळतं. पण बोट तर ताठ. मग ते डाव्या हातानं बोट धरून, तार वाकवावी तसं वाकवून दोरावर बसवायचे. ते लगेच निसटायचं. पुन्हा बसवायचे.

पहिले पहिले दिवस काय वर्णावे! मासा फेकला की पायाशीच पडायचा. एकदा मागं करंजात अडकला. एकदा डोहात डुंबणाऱ्या म्हशीच्या कानात गळ बसला आणि म्हैस दोर, डबा सगळं घेऊन घाटावर चढली. आमच्या शेजारचे एक पेन्शनर सुभेदार रोज घाटाच्या पायरीवर तंबाखू मळत बसलेले असायचे. पहिल्या लढाईतले. ते ओरडले, "लय मोठी धरलीस रं गड्या! आता दूध काढ!" मी धुणं टाकून हसले. मालकही हसले असतील असं मला वाटलं, पण त्यांनी म्हशीमागं जाऊन गळ सोडवला आणि पुन्हा फेकायला सुरुवात केली.

त्या हट्टाचं मला भय वाटायला लागलं.

फेक रोज थोडी लांब जायला लागली. आज खडकापर्यंत, उद्या खडकाच्या पुढं. मी धुणं आपटता आपटता डोळ्यांनी अंतर मोजायची. दुसऱ्या कुणाची बायको नवऱ्याचा हात सुधारताना बघून पेढे वाटत फिरली असती. मी धुणं आणखी जोरात आपटायची.

आणि शुक्रवार आला की कृष्णामाईची ओटी. लेकराचा हात बरा व्हावा म्हणून आत्याबाईंनी दर शुक्रवारी नदीची ओटी भरायचं ठरवलं होतं. पण ओटी भरायची ती सवाष्णीनं. आत्याबाईंचं कुंकू गेलेलं, त्यांच्या हातची ओटी चालायची नाही. म्हणून ओटी माझ्या हातून आणि मागणं त्यांचं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहायची, खण, नारळ, हळद-कुंकू घेऊन. लढाईचे दिवस, तांदूळ बघायला मिळत नव्हता. आम्ही ओटीत जोंधळे घालायचो. आत्याबाई वरच्या पायरीवरून शब्द सांगायच्या.

"म्हन, किस्नामाई, हात बरा हुं दे."

मी तोंडानं म्हणायची, "किस्नामाई, हात बरा हुं दे." मनात म्हणायची, एवढ्यात नको. आधी मी जरा घासाघीस करत होते. बरा कर, पण बोर्डानंतर कर, असं. पुढं फेक खडकाच्या पार पलीकडं जायला लागली तेव्हा मी घासाघीस सोडली. सरळ म्हणाले, बाई, करूच नको बरा.

एका शुक्रवारी आत्याबाई म्हणाल्या, "तुजं वठ हलत न्हाईत. काय मागतीस तू?"

माझ्या तोंडातून निघून गेलं. पाण्यात उभी राहूनच मी सगळं सांगितलं. बोर्ड, पुणे, पलटण. आत्याबाई पायरीवर बसल्या. मला वाटलं आता पहिल्यांदा मला शिव्या बसतील आणि मग मालकांना. त्या नुसत्या गुडघ्याला हात लावून उठल्या, घरी गेल्या. आठवडाभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

पुढच्या शुक्रवारी बघते तर आत्याबाई नारळ घेऊन दारात तयार.

"आता वं कशाला, आत्याबाई?"

"चल."

घाटावर गेलो. मी पाण्यात उतरले. वरून आवाज आला, "म्हन, हात बरा हुं दे."

मी मागं वळून म्हणाले, "आवं, पर मग त्ये जातील की!"

"जाऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, ते पुढचं पुढं," आत्याबाई म्हणाल्या. "पोराचा हात वाळावा म्हनून आईनं नारळ सोडायचा व्हय गं? माज्या तोंडातनं ते न्हाई निघायचं. तुज्या मनात काय हाय ते तुजं तू बग."

तेव्हा मी काय मागितलं? आधी मागत होते तेच. आई वेगळी आणि बायको वेगळी. मला नवरा घरात हवा होता, एका हाताचा का असेना. याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. नदी मात्र बिचारी अडचणीत आली असेल. एकाच ओटीत दोन उलटी मागणी.

उन्हाळ्याच्या शेवटी डोह आणखी आटला, पाणी हिरवं आणि निवांत झालं. करंजाच्या मुळ्यांशी मरळ असते. काळी, सापाच्या तोंडाची, अंगानं दणकट. श्वास घ्यायला वर आली की पाण्यावर बुडबुडा फुटतो. त्या दिवशी मालकांनी बुडबुडा हेरला. मी त्यांची न्याहारी घेऊन गेले होते. सुभेदार खालीच येऊन बसले होते, काहीतरी टोचून बोलण्याची संधी बघत.

मालकांनी मासा फेकला. मुळ्यांपासून वीतभर अंतरावर तो टपकन पडला. ते थांबले. पाण्यावरचं वर्तुळ विरून गेलं तरी थांबले. मग हलकेच हिसका. थांबले. सुभेदार म्हणाले, "झोपला काय रं?" आणि तेवढ्यात पाणी फुटलं.

दोर ताणला गेला. सगळे पाण्याकडं बघत होते. मी एकटी त्यांच्या हाताकडं बघत होते. ते अंगठ्याजवळचं बोट, कुणीही न वाकवता, आपल्या आपण वाकलं आणि दोरावर आकडा होऊन बसलं. घट्ट. मरळ इकडून तिकडं ओढत होती आणि ते बोट तिला धरून होतं.

मरळ हातभर निघाली. सुभेदारांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "आयला! लाकडावर मासा!" मालक हसले. घरी आल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी डोहात उडी टाकावीशी वाटली. मी मरळ घरी आणली, राखेनं घासून स्वच्छ केली, तिखटजाळ कालवण केलं. चव चांगली झाली होती.

जेवण झाल्यावर ते परसात बसून बोट वाकवत होते, सरळ करत होते. मी भांडी घेऊन बाहेर आले.

"आलं की गं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. "आलं." आणि भांडी घासायला बसले.

ते पुण्याला बोर्डापुढं गेले; निघताना आत्याबाईंनाही त्यांनी तसं सांगितलं. मी आणि आत्याबाई त्या दिवसांत एकमेकींशी फार गोडीनं वागलो, मयताच्या घरात वागतात तसं. दोघींनाही माहीत होतं की ते येतील ते फक्त बोचकं न्यायला.

ते दुपारचे आले. पिशवी खाली ठेवली.

"सोडलं," म्हणाले.

"म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"कायमचं सोडलं. बाकीचा हात चांगला हाय म्हनले. पर ह्ये बोट वाकत न्हाई. बंदुकीचा घोडा वढता येत न्हाई त्यो शिपाई कसला?" आणि त्यांनी अंगठ्याजवळचं बोट पुढं केलं. सरळ, ताठ.

आत्याबाईंनी ते बोट धरलं आणि कपाळाला लावलं. "हात बी ऱ्हायला आन् ल्योक बी ऱ्हायला. माई गं, तुजं कसं पांग फेडू?" त्या रडायला लागल्या. मी चुलीपाशी उभी होते. मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

ते बोट वाकतं, हे डोहावर मी पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

मला आनंद झाला. असा आनंद झाला की हातातला पेला मी तीनदा घासला. त्यांनी माझ्यासाठी केलं की आईसाठी, की इटलीच्या त्या डोंगराचं भय बसलं होतं म्हणून, हे मी विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं? नवरा घरात होता. आणि आनंदाच्या मागोमाग भीती आली. उद्या कुणाला दिसलं तर?

दुसऱ्याच दिवशी सुभेदार आले. "बगू रं, वाकीव." मालकांनी दात आवळून जोर लावल्यासारखं केलं. कपाळावर घाम आला, तो मात्र खरा होता. सुभेदारांनी बोट दाबून पाहिलं, मान हलवली. "ग्येलं ह्ये. लाकूड झालं. चला, बोटावर निभावलं म्हनायचं."

तेव्हापासून ते बोट सरळ राहिलं. मालक चार बोटांनी भाकरी मोडायला शिकले. चार बोटांनी दूध काढायचे, नांगराची मूठ धरायचे, पटका बांधायचे, आणि पाचवं बोट वेगळं, वाट दाखवत असल्यासारखं. घरातसुद्धा आत्याबाईंसमोर तसंच. झोपेत तेवढं वाकायचं; मी बघायची.

आणि डोहावर. तिथं फक्त आम्ही दोघं असलो की ते बोट दोरावर आकडा व्हायचं. मी घाटाकडं तोंड करून बसायची. कुणी येताना दिसलं की खोकायची, की बोट लगेच सरळ. चोर आणि चोराची बायको! त्या दिवसांत मीही फेकायला शिकले. आटपाडीच्या पोरीनं लाकडी माशावर मिशांचा शिंगाडा मासा धरला. मालक म्हणाले, "तू थांबतीस बरी. बायकास्नी थांबायची सवं असती." आम्ही त्या बोटाबद्दल कधी बोललो नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो, खोकत बसण्याचा.

लढाई संपली. माणसं परत यायला लागली. जतचा गडी आला नाही.

आला तो त्याचा बाप. खांद्यावर घोंगडं, पायांत जाडजूड पायताण, एस्टी नव्हती तेव्हा, कुठून कुठून वाहनं बदलत आणि चालत आलेला म्हातारा. बोलण्यात निम्मी कानडी. मालकांना तो तम्मा म्हणायचा, तिकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं. पोरगा लढाईच्या शेवटच्या थंडीत गेला, असा कागद त्याला आला होता. पुढं काही माहिती नाही. पत्रात पोरगा मालकांचं गाव सांगायचा, म्हणून विचारत विचारत आला.

मी भाकरी वाढली. त्यानं ती कांद्याबरोबर शांतपणे खाल्ली. मग म्हणाला, "शेवटाला तू जवळ हुतास का रं तम्मा?"

"न्हाई," मालक म्हणाले. "म्या हिकडं आलो हुतो. हातामुळं."

"ह्योच का हात?"

म्हाताऱ्यानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. ते ताठ बोट आपल्या राठ अंगठ्यानं हळूहळू चोळलं, कोकराचा पाय चोळावा तसं. "लय दुकतंय का रं?"

मी उंबऱ्यावर होते. मला वाटलं, आता हे बोट वाकेल, आता हे सगळं सांगून टाकतील. बोट वाकलं नाही.

"बरं झालं बाबा, तू तरी आलास," म्हातारा म्हणाला. "कुनाच्या तरी घरात कुनीतरी पायजे." मुक्काम कर म्हटलं तर नको म्हणाला, मेंढरं सोडून आलोय म्हणाला. आत्याबाईंनी त्याला भाकरी बांधून दिली. मालक त्याला वेशीपर्यंत पोचवून आले आणि संध्याकाळी जेवले नाहीत.

त्यानंतर डोहावर गेलो तेव्हा त्यांनी दोर मधल्या बोटावरून घेतला.

"आवं, चुकीच्या बोटावर घेतलाय," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

"कुनी न्हाई. म्या बगतीया की."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना."

मी भांडले. बरंच भांडले, वर्षभर अधूनमधून भांडतच राहिले. बोट वापरा, नाहीतर जाईल, असं स्पष्ट शब्दांत मी कधी म्हणाले नाही, कारण तसं म्हटलं असतं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं. मी नुसती म्हणायची, मधल्या बोटाला दोर कापतोय बघा. तो खरंच कापायचा. त्या बोटावर काळी रेघ पडली. त्यांचं फेकणं पहिल्यासारखंच, डोहाच्या कुठल्या कोपऱ्यात मासा टपकवायचा ते त्यांना डोळे मिटून जमायचं. पण झोपेतही ते बोट आता सरळ राहायला लागलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी स्वतःला सांगायची, दिवसाची सवय आहे, दुसरं काही नाही.

स्वराज्य आलं, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ, डोहावर आम्ही दोघंच. मुळ्यांपाशी मोठी मरळ लागली, पहिलीपेक्षाही मोठी. तिनं एवढा जोर केला की मधलं बोट कापून रक्त आलं. दोर निसटायला लागला. मालक तो घाईघाईनं शेजारच्या बोटावर घ्यायला गेले. विचार करून नव्हे. हात आपला जुन्या सवयीनं गेला. दोर त्या बोटावर आला आणि सरळ काडीवरून घसरावा तसा घसरून गेला. मरळ गेली, दोर गेला, लाकडी मासाही गेला.

ते बोटाकडं बघत राहिले. पुन्हा वाकवायचा प्रयत्न केला. या वेळी सुभेदारांसमोर केला होता तसला नव्हता, मला फरक कळतो. मनगट थरथरलं, मानेची शीर फुगली. बोट जागचं हललं नाही.

मी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. आधी हळू, मग जोरानं वाकवून पाहिलं. करंजाची काडी वाकली असती.

"आता खरं झालं," ते म्हणाले. बरं वाटल्यासारखे म्हणाले.

"काय खरं झालं?" मी ओरडले. घाटावर ऐकू गेलं असेल तर गेलं असेल. "कुनाला खरं करून दावायचं हुतं? म्या हितं एवढी वर्सं राखन करत बसले, खोकून खोकून घसा फोडून घेतला, ती याच्यासाटनं व्हय?" मी त्यांना आणखी काय काय बोलले. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि बोट वाकवायचं सोडून मी ते नुसतंच चोळायला लागले. त्यांनी हात काढून घेतला नाही.

मग मी विचारलं, "दुकतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "आता न्हाई दुकत."